बंब, गीझर आणि ४.२

जानेवारी २०२३चं वीजबिल आलं तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पीत उभा होतो. वहिनीनं बिलाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "भाऊजी, बघा." ३,३१० युनिट. चहा तसाच ठेवला.

आमचं छोटं लॉज पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला, भिलारच्या अलीकडे आहे. खोल्या बारा. प्रत्येक खोलीत २ किलोवॉटचा गीझर. म्हणजे थंडीत सकाळी सात ते नऊ सगळे पाहुणे एकदम अंघोळीला गेले की २४ किलोवॉट नुसते गीझरच ओढायचे. त्याआधी आमच्याकडे तांब्याचा मोठा बंब होता, मग सोलर आलं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट. त्या चार महिन्यांत सोलरच्या नळ्यांवर शेवाळ धरायचं, आणि नेमके पावसाळी पाहुणेच गरम पाण्यासाठी जीव टाकतात. शेवटी गीझर बसवले आणि बिल असं वाढत गेलं.

पहिला विचार साधाच होता. जुने गीझर काढायचे आणि पाच ताऱ्यांचे आणायचे. त्या निमित्तानं आयुष्यात पहिल्यांदा मी गीझरवरचं ते लेबल नीट वाचलं. एसी, फ्रिज, पंखा, सगळ्यांवर असतं ते, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, म्हणजे बीईईचं. खोली नंबर चारमध्ये स्टुलावर उभा राहून, मोबाइलच्या उजेडात. तिथे वीज किती लागते असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. होतं ते 'स्टँडिंग लॉस'. पाणी तापवून तसंच ठेवलं, तर चोवीस तासांत टाकीच्या अंगातून किती उष्णता निसटते, तो आकडा. पाणी तापवण्यात एक तारा आणि पाच तारे यांच्यात फरकच नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. तारे मिळतात ते टाकीच्या गोधडीला. माझे पाहुणे सकाळी टाकी रिकामी करून जातात, त्यामुळे जाड गोधडीचा मला फायदा थोडाच होणार होता.

वाईचा आमचा वायरमन म्हणाला, "दादा, हीट पंप बघा. एसी उलटा लावल्यासारखा असतो." गोष्ट तेवढीच आहे. एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. उष्णता तयार करायची नसते, फक्त उचलून आणायची असते, म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता हाती येते. ती जितक्या पट येते त्या आकड्याला म्हणतात सीओपी.

आप्पांना हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात विस्तू कुठं हाय?"

"विस्तव नाही आप्पा, हवेतनंच उष्णता घेतंय."

"पौषातल्या हवेतनं? भिलारच्या?"

मी हसलो होतो. तो प्रश्न किती नेमका होता ते कळायला वर्ष जावं लागलं.

तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली. पहिल्या ब्रोशरवर पाच सोनेरी तारे आणि सीओपी ५.८. बघताक्षणी मन तिकडे गेलं. पण लेबल वाचायची नुकतीच सवय लागली होती. बीईईचं मोबाइल ॲप आहे, त्यात कंपनी आणि मॉडेल टाकून शोधता येतं. शोधलं. ते मॉडेल यादीत नव्हतं. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, "साहेब, ते आमचं इंटर्नल रेटिंग आहे." ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. त्याखाली बीईईचं लेबल एकेका मॉडेलची चाचणी आणि नोंदणी करूनच लावता येतं. आपल्या हातानं चांदण्या काढून तसला भास करून द्यायचा, ही चलाखी झाली. बरं, ५.८ कुठल्या हवेत? तेही विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, बाहेर ३० अंश आणि पाणी ४० अंशांपर्यंत. भर उन्हाळ्यात कोमट पाणी! तेव्हा आमच्याकडे कोण गरम पाणी मागतं?

दुसऱ्याच्या कागदावर रंगीत पट्ट्यांचं युरोपियन लेबल होतं. ए प्लस, आणि कोपऱ्यात युरोपचा नकाशा निळ्याच्या तीन छटांमध्ये. हे लेबल मात्र खरंखुरं, तिकडे २६ सप्टेंबर २०१५पासून सक्तीचं आहे. नकाशाच्या तीन छटा म्हणजे तीन हवामानं. बाहेरच्या हवेवर चालणाऱ्या यंत्राची चाचणी थंड पट्ट्यासाठी २ अंशांवर, मध्यम पट्ट्यासाठी ७ अंशांवर आणि उबदार पट्ट्यासाठी १४ अंशांवर होते. विक्रेता मात्र त्यातल्या १३० टक्क्यांवर अडून बसला. "साहेब, १३० टक्के एफिशियन्सी!" मला ते कमीच वाटलं, कारण दुसरे चारशे-पाचशे टक्के सांगत होते. रात्रभर वाचत बसल्यावर उलगडा झाला. युरोपात विजेच्या एका युनिटमागे वीज केंद्रात अडीच युनिट इंधन जळतं असं धरून तो टक्का काढतात. १३० टक्के गुणिले अडीच, म्हणजे आपल्या भाषेत सीओपी सव्वातीनच्या आसपास. आणि तोही ७ अंशांच्या हवेत. म्हणजे तीन ब्रोशरांत सगळ्यात लहान दिसणारा आकडा प्रत्यक्षात सगळ्यात तगडा होता. पण ते यंत्र घरगुती होतं, ३०० लिटरचं. आमच्या बारा खोल्यांना पुरलं नसतं.

तिसऱ्याचा सीओपी ४.२. आकड्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: हवा २० अंश, ओल्या बल्बचं तापमान (हवा किती दमट आहे त्याचं माप) १५ अंश, पाणी १५ वरून ५५ अंश. ही चीनमधल्या कारखान्यांची ठरलेली चाचणीची अट. यंत्राची क्षमता १४ किलोवॉट, वीज ३.३ किलोवॉट, तासाला ३०० लिटर. हे आकडे मी ताडून पाहिले. लिटर गुणिले अंशांची वाढ भागिले ८६० केलं की उष्णतेचे युनिट मिळतात. ३०० गुणिले ४० भागिले ८६०, म्हणजे जवळजवळ १४. निदान कागद स्वतःशी तरी खोटं बोलत नव्हता.

मग मी चाचणीचा पूर्ण रिपोर्ट मागितला. इथे तीन आठवडे गेले. पहिल्यांदा आली ती पीडीएफ दुसऱ्याच मॉडेलची. नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं, सिंगल फेजचं यंत्र. "एकच असतं हो दोन्ही," असं ऐकून घेतलं. कॉम्प्रेसर वेगळा असेल तर एकच कसं असेल? पुन्हा मागितला. अखेर बरोबर मॉडेलचा अकरा पानी रिपोर्ट आला. सातव्या पानावर एक तक्ता होता, आणि त्यात ब्रोशरमध्ये नसलेली ओळ: हवा ७ अंश, क्षमता ९.१ किलोवॉट, सीओपी २.७.

ती ओळ पाहून मी यंत्र नाकारलं नाही, उलट तेच घेतलं. ७ अंशांवर २.७ असं ज्यानं निदान रिपोर्टमध्ये लिहिलंय, त्याच्याशी पुढे भांडता तरी येतं. ऑर्डरच्या कागदावर मॉडेलचा पूर्ण नंबर, गॅसचं नाव आणि दोन्ही सीओपी अटींसकट लिहून घेतले, शिवाय 'जागेवर मोजून द्यावे' असंही. विक्रेत्यानं तोंड वाकडं केलं, पण सही केली.

गॅसचं सांगायचं राहिलं. मधेच एक जण निम्म्या किमतीत आर-२२ वरचं यंत्र देत होता. हा गॅस ओझोनला मारक म्हणून जगभर बंद होत चाललाय. आज स्वस्तात आणायचा आणि उद्या गळती झाली की गॅस शोधत फिरायचं. आमच्या यंत्रात आर-३२ आहे. ओझोनला तो काही करत नाही, पण पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. जुन्या आर-४१०एचा तोच आकडा २,०८८. किगाली कराराप्रमाणे भारतातही २०३२पासून या वर्गाचे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी व्हायचे आहेत. आर-३२ थोडा ज्वलनशील असतो, म्हणून यंत्र उघड्यावर ठेवायचं आणि गॅसचं काम गल्लीतल्या फ्रिजवाल्याकडून करून घ्यायचं नाही, एवढं पथ्य.

आता विजेचा भार. आमचा मंजूर भार ३४ किलोवॉट होता. महावितरणच्या व्यापारी दरात २० किलोवॉटपर्यंत एक गट आणि २० ते ५०चा दुसरा. दुसऱ्या गटात स्थिर आकार महिन्याला ठोक नसून केव्हीए मागणीवर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार ओढला त्यावर लागतो. गीझर गेले की आमचं १८ किलोवॉटमध्ये भागत होतं. हीट पंपाच्या जाहिरातीत ही बचत कोणी सांगत नाही, आणि ती थंडी असो वा ऊन, दर महिन्याला मिळते. ऑनलाइन अर्ज, सोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. ठेकेदारानं रिपोर्टमध्ये हीट पंपही लिहिला आणि बारा गीझरही तसेच ठेवले! भार कमी करायला निघालेलो आम्ही कागदावर चाळीसच्या घरात पोहोचलो. तो रिपोर्ट नव्यानं करून घेण्यात पंधरा दिवस गेले.

सप्टेंबरअखेर यंत्र आणि हजार लिटरची टाकी टेंपोतून पसरणी घाटानं वर आली. धुकं इतकं की क्लीनर पुढे चालत टॉर्च दाखवत होता. बसवणाऱ्या पोरांनी यंत्र स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. दिसायला छान, आडोशाला. चालू केल्यावर मी मागे हात धरून पाहिला. पंख्यातून सुटलेली गार हवा भिंतीवर आपटून पुन्हा मागच्या जाळीतून आत शिरत होती. बाहेर १९ अंश आणि जाळीपाशी १३. बिचारं यंत्र स्वतःचाच उसासा श्वासात घेत होतं. चाचणीच्या खोलीत अशी भिंत नसते. सगळं सोडवून चार फूट पुढे घेतलं आणि तोंड दरीकडे केलं. मजुरीवरून जरा बाचाबाची झाली.

मोजणीसाठी सबमीटर लावला, पाण्याला मीटर, टाकीच्या वर-खाली दोन थर्मामीटर आणि शंभर पानी वही. वहीवर वहिनीच्या लेकीनं 'हीट पंप हजेरी' असं लिहून ठेवलंय.

डिसेंबरमध्ये पहिली खरी नोंद झाली. हवा ११ अंश, ५०० लिटर पाणी १७ वरून ५२ अंशांवर नेलं. ५०० गुणिले ३५ भागिले ८६०, म्हणजे २०.३ युनिट उष्णता. सबमीटर फिरला ८.१. सीओपी अडीच. विक्रेता समोरच उभा होता. "थंडी जास्त आहे ना साहेब." थंडीसाठीच तर घेतलं होतं! पण कागदावरच्या ७ अंशांच्या ओळीजवळ तो आकडा जात होता. मधले पाइप आणि पंप धरले तर तक्रारीला जागा नव्हती. मी सही देऊन टाकली.

खरं कोडं बिलानं घातलं. यंत्र अडीच पटीनं काम करतंय, वही साक्षीला आहे, आणि डिसेंबरचं बिल आदल्या डिसेंबरपेक्षा फक्त ४३० युनिटांनी कमी. बाकीचे गेले कुठे? एका रात्री लॉज रिकामं होतं, एकही पाहुणा नाही. रात्री दहाला टाकी ५४ अंश. पहाटे सहाला ४१. कोणी तांब्याभर पाणी घेतलं नाही आणि हजार लिटर पाणी १३ अंशांनी निवलं. १५ युनिट उष्णता नुसती हवेत. टाकीला तर हात लावला तरी कोमटसुद्धा लागत नव्हती. मग पहाटेच्या काळोखात पडवीतल्या पाइपला हात लावला आणि चटका बसला. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून बसवणाऱ्यांनी फेर धरणारी रिटर्न लाइन टाकली होती, साधारण सत्तर मीटर, अर्धी उघडी. तिचा पंप चोवीस तास चालू. आम्ही हवेतली उष्णता पैसे देऊन आत आणत होतो आणि पडवीभर वाटून परत हवेला देत होतो.

जानेवारीत पाइपला काळ्या फोमचं जाड आवरण घातलं, पंपाला टायमर लावला: सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी दोन तास. पुन्हा रिकाम्या रात्री मोजलं, ५४ वरून ५०. जानेवारी २०२४चं बिल २,४४० युनिट, म्हणजे ८७०ची बचत. आवरण आणि टायमरचा खर्च यंत्राच्या मानानं चिल्लर होता, आणि जवळपास निम्मी बचत त्यात अडकून पडली होती.

यंत्र कधी चालवायचं यावरून वायरमन आणि माझ्यात आठवडाभर वाद चालला. आमच्या टीओडी मीटरवर, म्हणजे वेळेनुसार दर बदलणाऱ्या मीटरवर, तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट होती, म्हणून तो म्हणे रात्री. मी वही उघडली. ४० युनिट उष्णतेला रात्रीच्या १२ अंशांत साधारण १५.४ युनिट वीज, दुपारच्या २३ अंशांत ११.४. युनिटला १५ रुपये धरले आणि रात्री दीड रुपया वजा केला, तरी रात्रीचे २०८ आणि दुपारचे १७१ रुपये. तेव्हापासून दुपारी एक ते पाच आमचं पाणी तापतं आणि पहाटे जेमतेम एक फेरा होतो. पाणी ५५ च्या वर ढकलत नाही, तिथून सीओपी भराभर उतरतो. आठवड्यातून एकदा, पाहुणे कमी असतात तेव्हा मंगळवारी, मदतीच्या हीटरनं टाकी ६० अंशांपर्यंत नेतो. कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, त्यावर हा इलाज.

त्याच जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला दव गोठल्याची बातमी आली त्या पहाटे आप्पांनी मला हाका मारून उठवलं. यंत्राच्या कॉइलवर पांढरं बर्फ साचलं होतं, पंखा बंद पडला होता आणि मग एकदम फुस्स करून वाफेचा ढग वर आला. हा बिघाड नसतो. बर्फ साचलं की यंत्र थोडा वेळ उलटं फिरतं, टाकीतली थोडी उष्णता परत घेऊन कॉइल वितळवतं आणि पुन्हा कामाला लागतं. आप्पा घोंगडी पांघरून त्या ढगाकडे बघत उभे होते. "आता जरा धूर निघाला," ते म्हणाले. "आता पाणी तापतंय म्हणायचं."

एप्रिलमध्ये पुन्हा मोजलं. हवा २९ अंश, ५०० लिटर पाणी २४ वरून ५५ अंशांवर. उष्णता १८ युनिट, वीज ४.४. सीओपी ४.१. म्हणजे ब्रोशरमधला ४.२ खोटा नव्हता, तो फक्त एप्रिलचा होता.

या दिवाळीत विक्रेत्याचं नवं ब्रोशर आलं. मागच्या पानावर आमच्या लॉजचा फोटो, दरीकडे तोंड केलेलं यंत्र आणि खाली ठळक अक्षरांत ४.२. मी फोन केला. म्हटलं, "फोटो खुशाल वापरा, पण शेजारी डिसेंबरचा अडीचही छापा, वहीचं पान पाठवतो."

"छापलं असतं साहेब," तो म्हणाला, "पण तेवढी जागा राहिली नाही."